ग्रीष्म ऋतुचर्या : नंदुरबारच्या संदर्भात

ग्रीष्मात स्नेह शोषला जातो, बल क्षीण होते आणि वाताचा संचय होतो. म्हणूनच चरकाचार्यांनी मधुर, शीत, द्रव व स्निग्ध आहार, व्यायामाचे वर्जन आणि रात्री गच्चीवर चांदण्यात निद्रा सांगितली. नंदुरबार-शहाद्याच्या सपाट प्रदेशात पारा ४० अंशांपुढे जातो. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता रस्त्यावर सोडते; वाळ्याचा ओला पडदा व माठ विजेशिवाय गारवा देतात.

शार्ङ्गधरोक्त मंथ घरोघरी करता येतो : कुटलेले द्रव्य १ भाग, थंड पाणी ४ भाग, मातीच्या भांड्यात घुसळावे. खजूर, मनुका, डाळिंब ही द्रव्ये उत्तम. मधुमेहींना मात्र धणे-वाळ्याचे पाणी द्यावे.

आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. शरीरातील पाणी घटल्यास या रुग्णांत तीव्र वेदनांचा वेग उद्भवू शकतो. त्यांना तहानेची वाट न पाहता पाणी पिण्यास सांगावे. भर उन्हात राबणाऱ्यास दुपारची विश्रांती दुर्लभ असते. त्यास पहाटे काम उरकण्याचा सल्ला द्यावा. उन्हात भ्रम वा बेशुद्धी दिसल्यास अंग ओले करून, वारा घालीत रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधी विक्रेत्या बंधूंनी चैत्रापूर्वीच वाळा व धणे यांचा साठा करावा, ही विनंती.