तिसरा दिवस निर्णायक! स्टेरॉइडने गुण न आल्यास अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पुढे काय?

दिवसातून सहा किंवा त्याहून अधिक वेळा रक्त पडणारे जुलाब आणि जोडीला ताप, नाडीचे ९० पेक्षा जास्त ठोके किंवा घसरलेले हिमोग्लोबिन, हा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा तीव्र झटका असू शकतो. अशा वेळी घरी थांबू नये. रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड दिले जाते. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्याने पुरेसा गुण येत नाही. त्यांच्यासाठी असतो ‘रेस्क्यू’ उपचार.

निर्णय कधी?
तिसऱ्या दिवशी. दिवसाला आठपेक्षा जास्त जुलाब किंवा तीन ते आठ जुलाब आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर धोका मोठा असतो. ऑक्सफर्डच्या १९९६ च्या अभ्यासात अशा ८५ टक्के रुग्णांचे मोठे आतडे त्याच मुक्कामात काढावे लागले होते. त्या काळी औषधांचे पर्याय कमी होते. आज ते आहेत, पण वेळेत दिले तरच उपयोग.

पर्याय कोणते?
- इन्फ्लिक्सिमॅब : सूज वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५ मिलीग्रॅम, शिरेतून. दबा धरून बसलेला टीबी उसळू शकतो, म्हणून आधी टीबीची तपासणी गरजेची.
- सायक्लोस्पोरिन : १९९४ च्या छोट्या चाचणीत ११ पैकी ९ रुग्णांना गुण आला, औषध न मिळालेल्या ९ पैकी एकालाही नाही. मात्र मूत्रपिंड, रक्तदाब आणि रक्तातील औषधाच्या पातळीवर लक्ष ठेवावे लागते.
- टोफासिटिनिब : ही गोळी आहे. लुधियानातील १०४ रुग्णांच्या चाचणीत ती सुरुवातीपासून स्टेरॉइडसोबत दिली असता सातव्या दिवशी ८३ टक्के रुग्णांना गुण आला. नुसत्या स्टेरॉइडने ५९ टक्के. रक्ताच्या गाठींचा धोका असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

पहिल्या दोनपैकी सरस कोणते?
फ्रान्सच्या नेतृत्वाखालील (२०१२) आणि ब्रिटनमधील (२०१६) चाचण्यांत दोहोंत ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे रुग्णाची प्रकृती, आधी घेतलेली औषधे, खर्च आणि डॉक्टरांचा अनुभव पाहून निवड होते.

शस्त्रक्रिया म्हणजे हार?
मुळीच नाही. रेस्क्यू औषधानेही काही दिवसांत उतार पडला नाही, आतडे फुगले किंवा त्याला छिद्र पडले, तर मोठे आतडे काढणे हाच जीव वाचवणारा उपाय. औषधांमागून औषधे देत शस्त्रक्रिया लांबवली, तर गुंतागुंत वाढते. म्हणूनच सर्जनचा सल्ला सुरुवातीलाच घेतला जातो.

नातेवाइकांनी काय विचारावे?
- शौचाची संसर्गासाठी तपासणी झाली का?
- टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्याच दिवशी पाठवली का?
- रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू आहे का?
- तिसऱ्या दिवशी गुण नसेल, तर पुढचा बेत काय?

रोजच्या जुलाबांची संख्या आणि रक्ताचे प्रमाण लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशीचा निर्णय बऱ्याच अंशी याच नोंदीवर ठरतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. उपचार पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)