सातपुड्यात निघण्यापूर्वी एक कागद

दिवाळी सरली की मंडळ्यांचे फोन सुरू होतात. तरुण संघाला नाताळापूर्वी पाड्यावर यायचे असते, कोणाला ब्लँकेटे वाटायची असतात, कोणी डॉक्टरांना बरोबर आणणार असतात. आम्हाला आनंदच होतो. मग हमखास विचारले जाते, "तिकडे बिबट्या आहे का? साप फार निघतात का?" गाडी कोणती आणि चालवणारा कोण, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही.

धोका मोजणे म्हणजे भिणे नव्हे. प्रत्येक धोक्याबाबत दोनच प्रश्न विचारायचे: हे घडण्याची शक्यता किती, आणि घडलेच तर नुकसान केवढे? दोन्हींना 1 ते 5 गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. बिबट्याचा हल्ला: नुकसान 5, शक्यता 1, म्हणजे 5. मालवाहू पिकअपमध्ये दाटीवाटीने उभे राहून घाट चढणे: नुकसान 5, शक्यता निदान 3, म्हणजे 15. गुण आपल्या अंदाजाचेच असतात, पण आधी कशाकडे पाहायचे ते कळते.

आपल्या खानदेशात हे नुसते कागदावरचे आकडे नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यात बसून घरी परतणारे 15-16 मजूर दगावले. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. तो वाहनांना धडकत महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला. किमान 10 जणांचा जीव गेला. आपण पाड्यावर जातो ते याच रस्त्यांनी. म्हणून आमच्या कागदावर पहिली ओळ गाडीची: आसने किती, माणसे किती, टायर व ब्रेक कोणी पाहिले, चालक रात्री झोपला होता का. मालवाहू गाडीत माणसे बसवायचीच नाहीत. अपघात झाला तर अशा प्रवाशांना सहसा विम्याचे संरक्षणही मिळत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलो आहे. एका जुलैत वह्या वाटायला गेलो तेव्हा 9 जणांच्या जीपमध्ये आम्ही 14 जण होतो. दुसऱ्या गाडीचे भाडे वाचवले होते. परतताना वाटेतला नाला वाहत होता. डोक्यावर आभाळ स्वच्छ, पाणी गुडघाभर. चालक म्हणाला, "निघून जाऊ." काठावरच्या एका पावरा आजोबांनी हात आडवा केला आणि पाण्याकडे बोट दाखवले. पाणी गढूळ होऊ लागले होते, काटक्या-पाने वाहून येत होती. वर डोंगरात पाऊस झाला होता. थोड्याच वेळात मधला मोठा खडक दिसेनासा झाला.

रात्र त्यांच्याच घरी काढली. त्या घरातल्या मक्याच्या भाकरी आमच्या 14 पोटांत गेल्या आणि त्यांची मुले काय जेवली ते मी विचारलेही नाही. तेव्हापासून कागदावर दुसरा रकाना आहे: आपल्या येण्याने पाड्याला कोणता धोका? खोकला-ताप असलेल्याने यायचे नाही. तिथल्या अशक्त बाळांना तो महागात पडतो. पिण्याचे पाणी व शिधा आपला न्यायचा, उन्हाळ्यात तर नक्कीच. जाण्यापूर्वी पोलीस पाटील किंवा आशाताईंशी बोलायचे. अभयारण्याच्या हद्दीत जायचे तर वनविभागाची परवानगी घ्यायची.

आता सापांविषयी, कारण तो प्रश्न येणारच. मुक्काम असेल तर खरी काळजी मण्यारची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर मण्यार आणि मलेरियाचा डास, दोन्ही बाहेर राहतात. एका वस्तूने दोन ओळींचे गुण उतरतात. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. मात्र ती कोणत्या रुग्णालयात आहे, रात्री डॉक्टर असतात का, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारलेले असावे. 108 ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण अनेक पाड्यांवर रेंज नसते आणि शेवटचा रस्ता तिला चढवतो असेही नाही. रुग्णाला झोळीतून कुठपर्यंत उतरवायचे, ती जागा लिहून ठेवावी.

रक्तदाब, मधुमेह, दमा असलेल्यांनी आपली औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हा कागद भरला की गाडीत ठेवू नये. मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्यावा आणि रात्री आठपर्यंत आमचा फोन आला नाही तर त्याने पहिला फोन कोणाला करायचा, तो नंबर त्यावर ठळक लिहावा.