घरच्या सिनेमाला वेगळी चूल कशाला?

सात वीरांच्या नेसरीतही आता सिनेमा सोप्यात आला आहे. भिंतीला मोठा टीव्ही, त्याला जोडलेला संगणक, आणि जेवणं आटोपली की सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळी समोर! असा संगणक घ्यायला गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला गेलं, की दुकानदार हमखास विचारतो, "वहिनी, ग्राफिक्स कार्ड वेगळं टाकू ना?" भावजी नि मुलं लगेच माना डोलावतात. पैसे मात्र आपल्या भिशीतले असतात. तेव्हा भगिनींनो, हे प्रकरण आपणच समजून घेतलेलं बरं.

पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम ग्राफिक्सचं. बऱ्याच प्रोसेसरच्या पोटात ते असतंच, त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. ते संगणकाच्या मेमरीतूनच आपला वाटा घेतं. डेडिकेटेड कार्डाची मात्र चूल वेगळी. मेमरी स्वतःची, बहुधा पंखाही स्वतःचा, आणि साधं कार्डसुद्धा ७५ वॉटपर्यंत वीज ओढू शकतं. इन्व्हर्टरवर घर चालवणाऱ्या बाईला हा आकडा नक्की कळेल.

सिनेमा साठवताना तो साडीसारखा घट्ट घडी घालून ठेवलेला असतो. तो दाखवायचा म्हणजे घडी भराभर उलगडायची, एवढंच. त्यासाठी ग्राफिक्समध्ये खास सोय असते, पण घडीची पद्धत तिला ठाऊक हवी. एचईव्हीसी ही एक पद्धत, एव्ही-१ ही तिच्यापेक्षा नवी. यूट्यूब ती वापरतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या सुमारापासून, एचईव्हीसी नीट उलगडतं. एव्ही-१ अकराव्या पिढीपासून. एएमडीच्या रायझन ५६००जी मध्ये एव्ही-१ ची सोय नाही, ७००० मालिकेत आहे. म्हणजे नव्या संगणकावर नुसता सिनेमाच पाहायचा असेल, तर वेगळ्या कार्डाचा खर्च वायाच! शिवाय हळव्या प्रसंगी कार्डाचा पंखा घुंघुं करतो तो निराळाच.

कोल्हापुरात १९३२ साली प्रभातने काढलेला 'अयोध्येचा राजा' पाहायचा म्हटलं, तरी जुन्या प्रतीवरचे ओरखडे काही कार्ड घेऊन पुसले जात नाहीत.

मुलांना मोठे गेम खेळायचे असतील किंवा घरात कुणी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत असेल, तर मात्र कार्ड जरूर घ्यावं. जुन्या संगणकाला नव्या पद्धती येत नसतील, तर त्यातही छोटं कार्ड उपयोगी पडतं. पण तेही एव्ही-१ जाणणारं हवं. जीटी १०३० ला ते येत नाही.

दुकानात एक करा. फोर-के व्हिडिओ लावायला सांगा आणि टास्क मॅनेजर उघडायला लावा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय, प्रोसेसर निवांत आहे आणि चित्र अडखळत नाही, म्हणजे जमलं. प्रोसेसरच धापा टाकत असेल तर दुसरा दाखवा म्हणावं. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतंच. स्वस्तात देतात म्हणून भुलू नका. एचडीएमआय २.० किंवा पुढचं हवं, १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० च फ्रेम दाखवतं. मेमरी एका कांडीऐवजी दोन कांड्यांत घ्या, पोटातल्या ग्राफिक्सला त्याने वेग येतो.

वाचलेल्या पैशांत बरे स्पीकर बसतात. आणि हो, बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या.