नसलेल्या तबकडीचा हिशोब

आयबीएमची '३३९०' ही डिस्क १९८९ साली बाजारात आली. कपाटाएवढी पेटी, आत फिरत्या तबकड्या. ती बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं. तरीही मेनफ्रेमवर 'झेड-ओएस' चालवणाऱ्या बँकेतला सिस्टिम प्रोग्रामर आज जागेचा हिशोब मांडतो तो ३३९०च्याच मापात. माहिती प्रत्यक्षात साठते फ्लॅश चिपांवर, कुठेही विखुरलेली. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र दिसते ती ३३९०: एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट, पंधरा ट्रॅकांचा एक सिलिंडर, म्हणजे सिलिंडरमागे ८,४९,९६० बाइट. या धंद्यात मुरलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, हे आकडे तो न अडखळता सांगेल.

तबकडी गेली, माप राहिलं. हा निव्वळ जुनाटपणा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. साठ वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम आज न बदलता चालला पाहिजे, हा शब्द आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम/३६०' जाहीर करताना जवळपास दिलाच होता. त्या शब्दाची किंमत कुठे कुठे चुकवावी लागते, हे पाहायचं तर मेनफ्रेमच्या डिस्का आणि कॉन्फिगरेशन यांच्याइतकी चांगली जागा नाही.

पहिली व्यापारी हार्ड डिस्क १९५६ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ती घडवली. 'रॅमॅक' यंत्राच्या त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत होती ५० लाख अक्षरं. सिस्टिम/३६० येईपर्यंत तबकड्या सुधारल्या, पण मेमरी सोन्याच्या भावाचीच होती. मग अभियंत्यांनी शोधाचं काम डिस्कवरच सोपवलं. प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी सांगणारा छोटा 'काउंट', हवी असल्यास एक 'की', आणि मग 'डेटा'. या रचनेला 'सीकेडी' म्हणतात. मुख्य प्रोसेसर डिस्कशी बोलणाऱ्या चॅनलला सांगायचा, अमुक की सापडेपर्यंत तबकडी फिरू दे. आणि स्वतः दुसऱ्या कामाला लागायचा. त्या काळी हा शहाणपणाचा निर्णय होता. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि हीच रचना गळ्यात पडली. नोंदींच्या लांब्या वेगवेगळ्या आणि दोन नोंदींमध्ये मोकळी फट, त्यामुळे ट्रॅकवर किती माल मावेल ते ब्लॉक केवढा यावर ठरू लागलं.

इथे जरा थांबून गणित करू. ८० अक्षरांची एक नोंद हाच एक ब्लॉक धरला, तर ३३९०च्या एका ट्रॅकवर फक्त ७८ नोंदी बसतात. म्हणजे ६,२४० बाइट. बाकी सगळी जागा फटींनी आणि काउंटांनी खाल्ली. त्याच नोंदी २७,९२० बाइटांच्या ब्लॉकात बांधल्या, तर ट्रॅकवर दोन ब्लॉक मावतात आणि नोंदी होतात ६९८. जवळजवळ नऊपट. म्हणून जॉब चालवायच्या सूचना लिहिलेल्या जुन्या जेसीएलमध्ये '२७९२०' हा आकडा जागोजागी दिसतो. आता ब्लॉकचा आकार सिस्टिमवर सोपवता येतो, तीच योग्य तो निवडते. पण पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलेल्या जेसीएलमधून तो आकडा काही हलत नाही. गंमत अशी, की फ्लॅशवर फट नावाची वस्तूच नाही. तरी आजही तुम्ही ८० अक्षरांचे सुटे ब्लॉक लिहिलेत, तर ७८ झाल्यावर ट्रॅक भरला असंच उत्तर येतं. कारण मापच तसं ठरलंय.

अशा एका डिस्कला म्हणायचं व्हॉल्यूम, आणि सगळ्या डिस्कांना मिळून 'डॅझडी'. व्हॉल्यूमची ओळख असते सहा अक्षरांची, व्हॉल्यूम सिरियल, बोलताना 'व्हॉलसर'. ही सहा अक्षरं कुठे लिहिलेली असतात? सिलिंडर शून्य, ट्रॅक शून्य, तिसरी नोंद. ८० बाइटांच्या त्या नोंदीत आधी 'व्हीओएल१' ही खूण, लगेच सहा अक्षरांचं नाव, आणि पुढे डिस्कची अनुक्रमणिका नेमकी कुठे आहे त्याचा पत्ता. पहिल्या दोन नोंदी मशीन सुरू करण्यासाठी राखीव. 'आयपीएल' करताना, म्हणजे मशीन चालू करताना, हार्डवेअर पहिल्या नोंदीतले फक्त २४ बाइट वाचतं. पुढचं काय वाचायचं आणि कुठून सुरुवात करायची, ते त्या २४ बाइटांतच सांगितलेलं असतं.

अनुक्रमणिकेचं नाव 'व्हीटॉक'. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यासारखीच तिची कामगिरी: कुठला तुकडा कुणाच्या नावावर, कुठून कुठवर. एकेक उतारा १४० बाइटांचा, त्यात ४४ बाइटांची की आणि ९६ बाइटांचा तपशील. की म्हणजे डेटासेटचं, मेनफ्रेमवरच्या फाइलचं, नाव. म्हणून मेनफ्रेमवर डेटासेटचं नाव ४४ अक्षरांपलीकडे जात नाही. तपशिलात जमिनीचे पहिले तीन तुकडे नोंदवायची सोय आहे. आणखी तुकडे झाले तर एक जोडउतारा उघडतो, त्यात तेरा मावतात. तीन आणि तेरा सोळा. साध्या डेटासेटला एका व्हॉल्यूमवर सोळाच तुकडे मिळतात त्याचं मूळ हे असं कागदी आहे. सतरावा मागितला, की जॉब 'बी३७' देऊन कोसळतो. रात्रपाळीत बी३७ न पाहिलेला मेनफ्रेमवाला मला तरी अजून भेटायचाय.

कोरी डिस्क वापरात आणायची तर 'आयसीकेडीएसएफ' या साधनाची 'इनिट' आज्ञा द्यायची. ही आज्ञा लेबल आणि व्हीटॉक नव्याने लिहिते; जुनं जे असेल ते गेलंच समजा. म्हणून तिच्यात 'व्हेरिफाय' आहे. डिस्कवर आत्ता कुठलं नाव आहे ते आधी तुम्ही लिहायचं. साधन ते वाचून ताडून पाहतं, जुळलं नाही तर हात लावत नाही. घाईत माणसं 'नोव्हेरिफाय' लिहितात. तो शब्द दिसला की अनुभवी माणूस खुर्चीत सरसावून बसतो. डिस्क ऑफलाइन असल्याशिवाय इनिट चालत नाही हे खरं, पण ती आपल्या सिस्टिमवर ऑफलाइन असून शेजारच्या सिस्टिमवर जोरात वापरात असू शकते. डिस्का अनेक सिस्टिम्समध्ये वाटून वापरायची पद्धत रुळल्यावर हा धोका ध्यानात आला, आणि ती दुसरीकडे कुठे ऑनलाइन आहे का हे तपासायची सोय नंतर जोडावी लागली.

आता कॉन्फिगरेशनकडे. कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे, हे मशीनला सांगायचं कसं? ओएस/३६०च्या जमान्यात त्यासाठी 'सिसजेन' करत. पंच कार्डांचा गठ्ठा असेंब्लरला द्यायचा. त्यातून दुसऱ्या टप्प्याचे जॉब तयार होऊन बाहेर यायचे. ते तासन्‌तास चालल्यावर नवी सिस्टिम हाती पडायची. नवी डिस्क आणली की पुन्हा किमान त्यातला एक भाग. पुढे त्रास वेगळ्या दिशेने वाढला: यंत्रांची तीच यादी एकदा ऑपरेटिंग सिस्टिमला आणि एकदा हार्डवेअरच्या चॅनल व्यवस्थेला, अशी दोनदा द्यावी लागे. दोन याद्यांत एक आकडा जरी वेगळा पडला, तरी शोधत बसा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झेड-ओएसच्या पूर्वज एमव्हीएस-ईएसएच्या चौथ्या आवृत्तीबरोबर 'एचसीडी' आलं आणि दोन्ही याद्या एकाच फाइलमधून निघू लागल्या. तिचं नाव 'आयओडीएफ'.

आयओडीएफची शिस्त मला विशेष आवडते. बदल करायचे ते कच्च्या प्रतीत. मग तपासून तिची पक्की प्रत 'बिल्ड' करायची, आणि पक्की झाली की ती बदलता येत नाही. पुढचा बदल नव्या क्रमांकाच्या प्रतीत. 'ॲक्टिव्हेट' आज्ञा आधी 'टेस्ट' लावून द्यायची, हार्डवेअर-सॉफ्टवेअरची कुरबुर ऐकायची, आणि मगच खरी आज्ञा. चालत्या मशीनला शेकडो डिस्का जोडल्या जातात आणि एटीएमसमोर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आयपीएल मात्र अजून धडधड वाढवणारं काम आहे. ऑपरेटर कन्सोलवर दोन गोष्टी भरतो: कुठल्या पत्त्यावरच्या डिस्कवरून सुरू करायचं तो पत्ता, आणि आठ अक्षरांचा 'लोड पार्म'. '०ए८२०१एम१' असं काहीसं. पहिली चार अक्षरं आयओडीएफ असलेल्या डिस्कचा पत्ता, पुढची दोन कुठला 'लोड' मेंबर वाचायचा ते, सातवं अक्षर ऑपरेटरला किती प्रश्न विचारायचे ते, आणि शेवटचं कुठलं न्यूक्लियस उचलायचं ते. लोड मेंबरमध्ये आयओडीएफचा क्रमांक, कुठला डेटासेट कुठल्या डिस्कवर ते सांगणारा मास्टर कॅटलॉग, सेटिंग्ज ठेवणाऱ्या पार्मलिबची यादी. या मेंबरची एक खोड आहे: प्रत्येक शब्द ठरलेल्या स्तंभातच हवा. एक रकाना सरकला, की मशीन थांबलं. २१व्या शतकात ही पंच कार्डाची सवय कशाला, असा वैताग येतो. आणि चूक झाली तर पडद्यावर संदेशही नाही. कन्सोल कुठे आहे हेच ज्या यादीत लिहिलंय, ती यादीच अजून वाचून झालेली नसते! मशीन 'वेट स्टेट'मध्ये जातं, हार्डवेअर कन्सोलवर एक सांकेतिक आकडा दिसतो, आणि मॅन्युअल उघडावं लागतं.

अमेरिकी बँका हे काम शनिवारी रात्री काढतात. न्यूयॉर्कला रात्रीचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रविवार सकाळचे साडेआठ, थंडीत साडेनऊ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत रविवारची सकाळ अशी कॉलवर जाते, आणि जेवणाची वेळ झाली तरी 'झालं का रे तुझं?' या हाकेला उत्तर येत नाही.

आयपीएलच्या वेळीच एक जुना प्रश्न हमखास पडतो. एकाच नावाच्या दोन डिस्का सापडल्या तर? सिस्टिम स्वतः ठरवत नाही. ती ऑपरेटरला दोन्ही पत्ते दाखवते आणि यांतली कुठली ऑफलाइन ठेवू, असं विचारते. एक खरी, दुसरी गेल्या आठवड्यात केलेली नक्कल; नावं सारखी, चेहरे सारखे. चुकीचा पत्ता दिला तर सिस्टिम आठवडाभर जुन्या माहितीवर उभी राहते आणि वरकरणी सगळं ठीक दिसतं. म्हणून नक्कल करताना नावासकट करायची की नाव बदलून, हे आधीच ठरवून ठेवणारा माणूस रविवारी लवकर सुटतो.

या सगळ्या कारभारातली सर्वांत हुशार युक्ती दिसायला अगदी किरकोळ आहे. ज्या डिस्कवरून आयपीएल होतं ती 'सिसरेस'. ऑपरेटिंग सिस्टिमचे शेकडो डेटासेट तिच्यावर असतात आणि कॅटलॉगमध्ये प्रत्येकाचा व्हॉलसर नोंदवावा लागतो. तिथे खरं नाव न लिहिता सहा तारे लिहिले, तर सिस्टिम अर्थ घेते: ज्या डिस्कवरून मी आत्ता उठले, तीच. मग सिसरेसचे दोन संच ठेवायचे. एकावर सिस्टिम चालू, दुसऱ्यावर दुरुस्त्या आणि नवी आवृत्ती चढवायची. ठरल्या रात्री पत्ता बदलून आयपीएल. बिनसलंच, तर जुना पत्ता टाकून पुन्हा आयपीएल, पंधरा-वीस मिनिटांत कालची सिस्टिम परत. कॅटलॉगमधली एक ओळही बदलायची नाही. वस्तू कुठे आहे यापासून तिचं नाव सोडवून घेतलं, एवढंच काय ते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेल्या 'एसएमएस' या साठवण-व्यवस्थेने हीच वाट पुढे नेली. प्रोग्रामरने व्हॉल्यूमचं नाव सांगायचंच नाही. डेटासेटच्या नावावरून नियम लागतात आणि सिस्टिम जागा देते. बराच काळ न वापरलेला डेटासेट 'एचएसएम' उचलून दाबून दुसरीकडे ठेवतं, आणि कॅटलॉगमध्ये व्हॉलसरच्या सहा घरांत लिहितं 'मायग्रॅट'. त्या नावाची डिस्क नाही. जॉबने डेटासेट मागितला की तो परत येईपर्यंत थांबायचं, एवढाच त्याचा अर्थ.

पुण्या-मुंबईच्या पिढ्यांचा या जगाशी घट्ट संबंध आला तो वाय-टू-केमुळे. त्यातही एक विचित्र योग आहे. आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली होती आणि परतली १९९२मध्ये, टाटांबरोबर भागीदारीत. मधल्या काळात इथली मुलं परदेशी ग्राहकांसाठी आयबीएमच्याच मशीनवरचं काम शिकत होती. वाय-टू-केच्या गदारोळात व्हीटॉकमधल्या तारखा मात्र बिनधोक निघाल्या. तिथे वर्ष एका बाइटात, १९००पासूनचं अंतर म्हणून लिहिलेलं असतं. २१५५पर्यंत चिंता नाही. घोळ दुसरीकडेच होता. डेटासेटची मुदत '९९३६५' लिहिली, म्हणजे १९९९चा ३६५वा दिवस, तर तिचा अर्थ 'कधीच पुसू नये' असा घ्यायचा संकेत होता. संकेत ठरला तेव्हा १९९९ खूप लांब होतं. मग एकेक टेप, एकेक डेटासेट तपासत बसावं लागलं: इथे खरोखर ३१ डिसेंबर म्हणायचंय, की कायमचं?

मापाने शेवटी अडवलं ते आकारावर. ३३९०च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये ३,३३९ सिलिंडर, साधारण २.८ जीबी. यंत्राचा पत्ता चार हेक्स अंकांचा, म्हणजे ६५,५३६ पत्ते. सगळे अशा डिस्कांना दिले, तरी बेरीज १८६ टीबीच्या आसपास. मोठ्या डिस्का हव्यात हे उघड होतं. पण सिलिंडरचा क्रमांकही १६ बिटांचाच, त्यामुळे धाव ६५,५२० सिलिंडरांपर्यंत, सुमारे ५५ जीबी. पत्त्याची लांबी वाढवावी, तर लाखो प्रोग्रामांतली रचना मोडते. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की सिलिंडरच्या शेजारी हेडच्या क्रमांकालाही १६ बिट दिलेले आहेत. हेड पंधराच. त्यांना चार बिट पुरतात. बारा बिट रिकामेच पडून होते. ते सिलिंडरला जोडले, २८ बिट झाले. २००८मध्ये झेड-ओएस १.१०बरोबर २,६२,६६८ सिलिंडरांचे व्हॉल्यूम आले, मग ११,८२,००६ सिलिंडरांचे, म्हणजे सुमारे एक टीबीचे. ६५,५२०च्या पलीकडची जागा २१-२१ सिलिंडरांच्या गठ्ठ्यांनी वाटली जाते.

जुन्या प्रोग्रामांना हे सांगायचं कसं, याचाही बंदोबस्त आहे. व्हीटॉकमध्ये डिस्कचे एकूण सिलिंडर लिहायचा जुना १६ बिटांचा रकाना अजून तिथेच आहे. मोठ्या व्हॉल्यूमवर त्यात ६५,५३४ हा एकच ठरावीक आकडा असतो आणि खरी मोजणी शेजारच्या नव्या, मोठ्या रकान्यात. नव्या पद्धतीचे उतारे वाचायचे असतील, तर प्रोग्रामने मागणी करतानाच आपल्याला २८ बिटांचा पत्ता कळतो असं 'ईएडीएससीबी = ओके' लिहून कबूल करावं लागतं. न लिहिता मागितलं, तर सिस्टिम चुकीचं उत्तर देत नाही. नकार देते.