पडीक जमिनीवरचा एक भुंगेरा

बंगळूर शहराच्या कडेला, बांधकामाची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहिलेले भूखंड पुष्कळ दिसतात. पावसाचे दोन शिडकावे होताच अशा जमिनीवर जी वनस्पती सर्वांआधी डोके वर काढते ती गाजर गवत होय. तिची पाने गाजराच्या पानांसारखी असल्यामुळे हे नाव पडले. चटकचांदणी हे तिचे दुसरे नाव तिच्या इवल्या पांढऱ्या फुलांचे आणि तिच्या स्पर्शाने उठणाऱ्या खाजेचे अधिक यथार्थ वर्णन करते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास ती पुण्यात प्रथम लक्षात आली आणि पुढील दोन-तीन दशकांत देशभर पसरली. तिचे नैसर्गिक शत्रू मात्र तिच्याबरोबर आले नाहीत.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा या जातीचे भुंगेरे बंगळूरला आणण्यात आले. ते येथील पिकांना उपद्रव देणार नाहीत ना, याची प्रयोगशाळेत कसून परीक्षा झाल्यावर १९८४ मध्ये त्यांना मोकळे सोडण्यात आले. के. पी. जयंत व त्यांचे सहकारी यांनी त्यानंतर अनेक वर्षे या कीटकावर नजर ठेवली.

जून-जुलै महिन्यांत गाजर गवताचे एखादे झुडूप वाकवून पाहिल्यास हा भुंगेरा सहज सापडतो. तो जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या फिकट पाठीवर गडद तपकिरी वेलबुट्टी असते. पानाच्या खालच्या बाजूस भिंगातून पाहिले म्हणजे सुटीसुटी घातलेली नारिंगी अंडी दिसतात. अंड्यातून निघालेली कोवळी अळी मोठ्या पानांकडे न वळता प्रथम शेंड्याची व बगलेतील कळी खाते, आणि म्हणूनच झाडाला फुले येणे खुंटते. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत उतरून कोषावस्थेत जाते. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा प्रवास सुमारे एका महिन्यात पुरा होतो. पावसाळा ओसरू लागला की बहुतेक प्रौढ भुंगेरे मातीत शिरून निद्रिस्त होतात आणि पुढील वर्षीचा पाऊस त्यांना जागे करतो.

भुंगेऱ्यांची संख्या वाढून त्यांनी गाजर गवताची झुडपे निष्पर्ण करावयास सुरुवात केली आणि सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच १९९१ मध्ये हे भुंगेरे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले. शेतकऱ्यांत घबराट पसरली. तणाचा शत्रू म्हणून जो कीटक परदेशातून मुद्दाम आणला, तोच पिकावर उलटला, असा आरोप झाला. तो वरवर पाहता खोटा म्हणता येत नव्हता. शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

उलगडा झाला तो पानांच्या पृष्ठभागावरून. ज्या शेतांत ही घटना घडली त्यांच्या भोवताली गाजर गवत दाट माजलेले होते आणि त्याचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर येऊन साचले होते. भुंगेऱ्याला आपले अन्न गंधाने व चवीने ओळखता येते, रूपाने नव्हे. परागांनी माखलेले पान त्याला आपल्या ओळखीचे वाटले आणि त्याने ते कुरतडले. दोष द्यावयाचाच तर तो शेताच्या बांधावर तण माजू देणाऱ्यांकडेही थोडा जातो, हे येथे नमूद केले पाहिजे.

गाजर गवत यामुळे नाहीसे झाले, असे मात्र कोणी समजू नये. उन्हाळी वळवाच्या सरींनी त्याचे बी रुजते तेव्हा भुंगेरे पुष्कळदा जमिनीखालीच असतात. ते बाहेर पडून संख्येने वाढेपर्यंत पहिली झुडपे फुलून गेलेली असतात, आणि एकेका झुडपाला हजारो बिया येतात. परंतु बंगळूरच्या ज्या जागांवर भुंगेऱ्यांचा जोर टिकून राहिला, तेथे गाजर गवताखाली दडपून गेलेल्या इतर वनस्पती पुन्हा उगवू लागल्याची नोंद जयंत व त्यांच्या सहकारी गंगा विशालाक्षी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली.