नोंद आणि न्याय : नोकरीविषयक कायद्याची तोंडओळख

आंबिवली, मोहने, अटाळी, वडवली या परिसरातील घरटी एक तरी माणूस नोकरदार आहे. कोणी पहाटेची गाडी पकडून अंबरनाथ-डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी शहाडच्या कारखान्यात, कोणी ठाण्या-मुंबईच्या कार्यालयात किंवा मॉलमध्ये. आयुष्यातील सर्वाधिक जागेपणीचे तास आपण जेथे घालवतो, तेथील कायदा मात्र आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असतो. अडचण आली की मग धावाधाव सुरू होते.

मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे आपली एन.आर.सी., २००९ साली बंद पडली. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापर्यंत गेले. अशा वेळी प्रत्येक कामगाराला एकच गोष्ट विचारली जाते : तुमचा दावा किती, आणि त्याला आधार काय? नेमणुकीची तारीख, शेवटचा पगार, फंडाचा क्रमांक, शिल्लक रजा हे सर्व कागदावर दाखवावे लागते. वीस-पंचवीस वर्षे घाम गाळला हे खरे असले तरी कायद्यापुढे घाम बोलत नाही, नोंद बोलते. म्हणून प्रस्तुत लेखात नोकरीच्या कायद्याची मूळ तत्त्वे नोंदीच्या अंगाने मांडली आहेत. ती कामगार बंधू-भगिनींसाठी आहेत, तशीच उद्या एखाद्या कंपनीच्या पर्सोनेल विभागात, ज्याला आता एच.आर. म्हणतात, बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहेत.

कायदा आला कोठून?

हे कायदे कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाहीत. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्या चळवळीतून १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची संख्या वाढत गेली. केंद्राचे २९ कायदे एकत्र करून संसदेने २०१९ व २०२० मध्ये चार संहिता केल्या : वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील कलमे पाठ करून आता भागणार नाही. संहितांखालील नियम केंद्र व राज्य सरकारे करतात, म्हणून नमुने आणि रकमा वेळोवेळी पाहून घ्याव्यात. मूळ तत्त्वे मात्र पुढीलप्रमाणे आहेत.

१. नेमणूकपत्र

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. ज्यांना पूर्वी दिलेले नाही, त्यांनाही ते संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यावयाचे आहे. पत्रात हुद्दा, वेतन व रुजू होण्याची तारीख बरोबर आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे. "आधी कामाला लाग, पत्र नंतर बघू" असे म्हणणाऱ्याकडे पत्राची मागणी लेखी करावी आणि त्या अर्जाची प्रत जवळ ठेवावी.

२. वेतन

मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. रोजंदाराला पाळी संपताच, तर आठवड्याच्या पगारदाराला सुटीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. नोकरी सोडली, काढून टाकले किंवा आस्थापना बंद पडली, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. पूर्वी वेतन वेळेवर देण्याचा कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता. आता तशी मर्यादा नाही. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट आहे. सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. दंड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि तो बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय लावता येत नाही. एकाच कामासाठी स्त्रीला कमी व पुरुषाला जास्त वेतन देणे बेकायदेशीर आहे.

वेतन म्हणजे नेमके काय, याची व्याख्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. मूळ पगार व महागाई भत्ता कमी दाखवायचा आणि उरलेली रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत वाटायची, म्हणजे फंड व ग्रॅच्युइटी कमी द्यावी लागते, अशी पद्धत पडली होती. नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. उदाहरणार्थ, एकूण २०,००० रुपयांत मूळ पगार व महागाई भत्ता ७,००० आणि इतर भत्ते १३,००० असतील, तर भत्त्यांची मर्यादा १०,००० आहे. वरचे ३,००० वेतनात मिळवून वेतन १०,००० रुपये धरले जाईल.

वेतन कमी मिळाल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा वेळी मालकाची असते. पण तुम्ही तेथे कामाला होता, हे आधी दिसले पाहिजे. त्यासाठी पगारस्लिप हवी आणि ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

३. फंड, विमा व ग्रॅच्युइटी

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. सर्वसाधारणपणे कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, निवृत्तिवेतनाकडे जातात. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलताना फंड काढून घेतला की ही सेवा तुटते. म्हणून जुने खाते नव्याशी जोडून घ्यावे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायमचा क्रमांक, म्हणजे यू.ए.एन., मिळतो. स्लिपवर कपात दिसते, पण खात्यात रक्कम जमा नाही, असे प्रकार घडतात. पासबुक मोबाइलवर पाहता येते. ते दर महिन्याला पाहावे.

कामगार राज्य विमा दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागू आहे. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के व मालकाचा ३.२५ टक्के ठरला. १६,००० रुपये वेतनावर कामगाराचे १२० व मालकाचे ५२० रुपये होतात. त्यातून कुटुंबाला औषधोपचार मिळतात आणि आजारपणातील बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळतो. आपल्या भागाला उल्हासनगरचे विमा रुग्णालय जवळचे आहे. वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये करण्यात आली होती. ती बदलू शकते, म्हणून चौकशी करून घ्यावी.

लोकलने जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची बाब : घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, नोकरीशी त्याचा वेळ-स्थळाचा संबंध जुळत असेल, तर कामावरचाच अपघात मानला जातो. अशा प्रसंगी रेल्वे पोलिसांतील नोंद, रुग्णालयाचे कागद, पास आणि त्या दिवसाची हजेरी हे सर्व जपून ठेवावे.

ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्याला ती आता एका वर्षाच्या सेवेनंतरही मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. हिशेब सोपा आहे : शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांवरील काळ पूर्ण वर्ष धरतात. वेतन १८,२०० आणि सेवा ११ वर्षे ७ महिने असेल, तर ७०० × १५ × १२ म्हणजे १,२६,००० रुपये. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी.

४. भगिनींसाठी

प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. दोन अपत्ये हयात असतील तर पुढे १२ आठवडे. या रजेच्या काळात नोकरीवरून काढणे बेकायदेशीर आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय करावी लागते. रात्रपाळी स्त्रीच्या संमतीशिवाय व सुरक्षिततेच्या व्यवस्थेशिवाय लावता येत नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वतंत्र असून तो लागूच आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री असते आणि निम्म्या तरी सभासद स्त्रिया असतात. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी.

५. ठेका, ब्रेक आणि कपात

आपल्या पोरांपैकी बरेच जण ठेकेदाराकडे लागतात. पन्नास किंवा अधिक ठेका कामगार असतील तेथे संहितेतील ठेक्याच्या तरतुदी लागू होतात. त्यानुसार ठेकेदाराने पगार बुडवला, तर मुख्य मालकाला तो द्यावा लागतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा लागतो. म्हणून गेटपास कोणत्या कंपनीचा, पगार कोणाच्या खात्यातून येतो, हे लक्षात ठेवावे.

बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा मानली जाते. म्हणूनच काही ठिकाणी मध्येच ब्रेक देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वनखात्यातील एका रोजंदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले, की २४० दिवस भरल्याचे दाखवण्याची जबाबदारी कामगाराची आहे आणि त्याला नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. आपल्या हजेरीची वही आपण स्वतः ठेवावी, ती यासाठीच. वहीला पगारस्लिप, बँकेचे पासबुक व फंडाच्या नोंदी यांची जोड मिळाली की बाजू भक्कम होते.

कामगारकपात करताना वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. शेवटी आलेला आधी जातो, हा सर्वसाधारण नियम आहे. कारखाना बंद करण्यास वा कपात करण्यास सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, आता ती ३०० पासून लागते. त्यामुळे लहान व मध्यम कारखान्यांतील कामगाराचे संरक्षण कमी झाले आहे. त्याने संघटनेकडे आणि कागदांकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

आरोप ठेवून निलंबित केले, तर कामगाराला पहिले ९० दिवस ५० टक्के व नंतर, विलंब त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. आरोपपत्राला उत्तर न देणे ही मोठी चूक ठरते. घाबरून कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नये. बडतर्फीविरुद्ध दोन वर्षांच्या आत दाद मागावी.

खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी

आपली मुले-मुली आता पदवी घेऊन एच.आर. विभागात जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मस्टर आणि पगारपत्रक ही त्यांच्या हातातील साधने कोणाच्या तरी म्हातारपणाची शिदोरी आहेत. मुलाचे नाव फॉर्ममध्ये चुकीचे लिहिले, वारसाची नोंद राहून गेली, रुजू तारीख दोन महिने पुढे गेली, तर वीस वर्षांनी एखादी विधवा कार्यालयाचे उंबरे झिजवते. जोडीने मालकाचेही नुकसान होते, कारण नोंद नसलेला मालक न्यायाधिकरणात हरतो. कायदा पाळणे म्हणजे मालकाशी वैर नव्हे. चांगल्या कंपनीला ते हवेच असते. वरिष्ठाने खोटी नोंद करायला सांगितली, तर कायदा काय म्हणतो ते त्याला लेखी, नम्रपणे कळवावे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती आहे ना, आणि तीत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे आहेत ना, हेही त्यांनीच पाहायचे.

घरातील एक फाइल

प्रत्येक घरात एक फाइल असावी. तीत पुढील कागद क्रमाने लावावेत : नेमणूकपत्र, ओळखपत्राची व गेटपासची प्रत, दर महिन्याची पगारस्लिप, बँक पासबुक, यू.ए.एन. व विमा क्रमांक, वारसपत्राची प्रत, रजेचे अर्ज, मिळालेली प्रत्येक नोटीस व तिला दिलेले उत्तर. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर तोच अर्ज टपालाने नोंदणी करून पाठवावा. फाइल कोठे आहे हे पत्नीला, आईला, थोरल्या मुलीला ठाऊक असावे. पाण्याचा भरवसा नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ती उंचावर ठेवावी.

अडचण आली की प्रथम आस्थापनेला लेखी अर्ज द्यावा, मग संघटनेकडे जावे, आणि त्यानंतर पगाराच्या किंवा बडतर्फीच्या तक्रारीसाठी कामगार आयुक्तांचे कार्यालय, फंडासाठी भविष्य निधी कार्यालय, विम्यासाठी विमा महामंडळाचे कार्यालय गाठावे. मुदती लहान असतात. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्यात हक्क निघून जातो.

लोखंडे आणि बाबासाहेब यांच्या पिढ्यांनी झगडून हे हक्क कायद्याच्या पुस्तकात आणले. पुस्तकातून ते आपल्या घरात आणण्याचे काम मात्र प्रत्येकाला स्वतःच करावे लागते. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी येत्या रविवारी वडिलांचे, आईचे, काकांचे कागद मांडून बसावे, काय आहे व काय नाही याची यादी करावी आणि जे नाही त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून द्यावा.