२२२ नकोत, ३ पुरेत!

मंडळी, आपल्या होस्टेलवर चार वर्षं काढलेल्या माणसाला 'मॅच' म्हटलं की दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, टीव्ही रूममधली खुर्चीवरून होणारी भांडणं आणि दोन, ऐन शेवटच्या षटकात जाणारी वीज! मीही त्यातलाच. पण २००८ साली एम.एस.साठी अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये गेलो आणि एका भलत्याच खेळाचा नाद लागला. कॉलेज फुटबॉल! तो नाद कसा लागला आणि कुठले विजय अजून मनात घर करून आहेत, ते सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. दोन्हीकडे अकरा-अकरा जण, मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढे सरकलं की पुन्हा चार. नाही सरकलं, तर चेंडू समोरच्यांना. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाऊन', ६ गुण. वर किक मारून आणखी १ मिळवता येतो. खेळ चालू असताना दोन खांबांमधून चेंडू लाथाडला तर 'फील्ड गोल', ३ गुण. थोडक्यात काय, चेंडू घेऊन केलेली कबड्डीची चढाई समजा!

आता आमचं टेक. हे मूळचं इंजिनिअरिंगचं कॉलेज. मैदान १९१३ सालचं आणि तिथले पहिले स्टँड बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांनीच उभारलेले. मॅचच्या दिवशी संघाच्या पुढे १९३० सालची फोर्ड गाडी मैदानात धावत येते. (मेकॅनिकलवाल्यांनो, ऐकताय ना?) फर्स्ट इयरची मुलं पिवळ्या टोप्या घालतात आणि प्रत्येक मॅचचा स्कोअर टोपीवर लिहून ठेवतात. आपण जर्नलसुद्धा इतक्या नियमाने लिहीत नाही!

टेकचा सर्वांत मोठा विजय ७ ऑक्टोबर १९१६ चा. समोर कम्बरलँड नावाचं छोटं कॉलेज. त्यांनी आपला संघ बंदच केला होता, पण मॅच रद्द केली तर दंड भरावा लागणार, म्हणून कशीबशी पोरं गोळा करून आणली. मध्यंतराला स्कोअर १२६-० आणि शेवटी २२२-०! आजही हा विक्रम अबाधित आहे. पण खरं सांगू? कुणीही टेकवाला हा विजय डोळ्यांत पाणी आणून सांगत नाही. हसत सांगतो, एवढंच. ज्यात हरण्याची भीतीच नव्हती, ते जिंकणं कसलं?

१९५६ चा विजय वेगळा. २ जानेवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये 'शुगर बाऊल' होता, समोर पिट्सबर्ग. त्यांच्या संघात बॉबी ग्रिअर हा एकच कृष्णवर्णीय खेळाडू. तेवढ्यावरून जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन म्हणाले, टेकने खेळूच नये. त्या काळी टेकमध्येही फक्त गोऱ्यांनाच प्रवेश होता. पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६१ साली. तरीही डिसेंबर १९५५ मध्ये टेकची पोरं रात्री रस्त्यावर उतरली आणि थेट गव्हर्नरच्या निवासस्थानावर जाऊन धडकली. सगळेच समतेसाठी निघाले होते असं नाही. पुष्कळांना फक्त मॅच हवी होती. पण मॅच झाली, ग्रिअर खेळला आणि शुगर बाऊलमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. टेक ७-० ने जिंकलं. मला विचाराल तर खरी मॅच डिसेंबरातच जिंकली होती.

१९९० चा किस्सा आमच्या लॅबमधले एक जुने टेक्निशियन चहाच्या... चुकलो, कॉफीच्या वेळी रंगवून सांगायचे. व्हर्जिनिया तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर आणि मॅच त्यांच्याच मैदानावर. मध्यंतराला टेक १४-२८ ने मागे. शेवटी ७ सेकंद उरली असताना स्कॉट सिसनने ३७ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि ४१-३८! त्या मोसमात टेक एकही मॅच हरलं नाही. प्रशिक्षकांच्या मतदानात राष्ट्रीय विजेतेपदही मिळालं.

आणि आता माझी स्वतःची मॅच. २९ नोव्हेंबर २००८.

तारीख वाचून तुम्हाला कळलंच असेल. २६ तारखेपासून आम्ही पाच मराठी पोरं खोलीत टीव्ही आणि फोनला चिकटून बसलो होतो. दादा रोज सीएसटीवरून लोकल पकडायचा. त्या रात्री तो लवकर घरी पोचला होता, पण फोन लागेपर्यंतचे ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. तीन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. २९ ला दुपारी आमच्या अमेरिकन रूममेटने काही न बोलता चॅनेल बदललं आणि म्हणाला, "थोडा वेळ हे बघा."

समोर जॉर्जिया युनिव्हर्सिटी, म्हणजे कट्टर शत्रू. हे वैर १८९३ पासूनचं आणि टेक सलग सात वर्षं हरलेलं. मध्यंतराला १२-२८ ने मागे. पण त्या वर्षी आलेले प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्याकडे एक जुनं शस्त्र होतं, 'ट्रिपल ऑप्शन'. समोरच्या एका खेळाडूला मुद्दाम मोकळा सोडायचा आणि तो काय करतो ते बघून ठरवायचं. तो बाहेर थांबला तर चेंडू मधल्या गड्याला द्यायचा. आत आला तर स्वतः घेऊन पळायचं. पुढचा अंगावर आला तर बाजूच्याकडे फेकायचा. चक्क इफ-एल्स! ताकद कमी असेल तर डोकं चालवा, हा इंजिनिअरिंगचा धडा मैदानावर बघायला मिळाला. तिसऱ्या सत्रात टेकने २६ गुण काढले. रॉडी जोन्स आणि जोनाथन ड्वायर नुसते सुसाट. शेवटी ४५-४२!

आम्ही ओरडलो, आणि ओरडता ओरडता एकजण रडायला लागला. मग सगळेच. त्या रडण्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता, हे सांगायला नकोच. त्या रात्री मात्र आम्ही खिचडी टाकली आणि पोटभर जेवलो.

पुढेही विजय आले. २०१५ साली फ्लोरिडा स्टेटची शेवटची किक अडवली गेली आणि लान्स ऑस्टिनने तो चेंडू उचलून ७८ यार्ड पळत जाऊन २२-१६ ने मॅच जिंकून दिली. त्या मोसमात टेक १२ पैकी फक्त ३ मॅच जिंकलं! तरी तो दिवस लोक अजून साजरा करतात.

तेव्हा सांगायचा मुद्दा असा, की विजय किती गुणांचा होता ते कागदावर राहतं. आपल्या लक्षात राहतं ते हे, की तेव्हा आपण कुठे होतो, शेजारी कोण होतं आणि कशातून बाहेर यायचं होतं. पुढच्या वेळी टीव्ही रूममध्ये खुर्चीवरून भांडाल तेव्हा शेजारच्याचा चेहरा एकदा नीट बघून ठेवा. वीस वर्षांनी स्कोअर विसराल, तो नाही विसरणार.

बघा, पटतंय का!